मजुराची सुटी कोणत्या वारी?

बाजाराच्या दिवशी निंदणाला बाया मिळतील, या भरवशावर केळापूर तालुक्यातला जुना शेतकरी कधी राहत नाही. तण कमरेएवढे झालेले असो की आभाळ भरून आलेले असो, त्या दिवशी वावरात मजुरांची टोळी उतरत नाही. आदल्या संध्याकाळी किंवा बाजाराच्याच सकाळी आठवड्याच्या मजुरीचा हिशेब होतो. पैसे हातात पडतात आणि काळी-पिवळीत, ऑटोत, एसटीत मिळेल तिथे बसून माणसे पांढरकवड्याला नाही तर पाटणबोरी, करंजी, रुंझा अशा मोठ्या गावांना निघतात. गावागावाचा बाजाराचा वार वेगळा, म्हणून तिथल्या मजुराच्या सुटीचा वारही वेगळा. रविवारी मात्र वावरात बाया वाकलेल्या दिसतात. ऑफिसे आणि शाळा बंद असतात आणि डवरणी जोरात चालू असते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडे हा तालुका पसरला आहे. नाव केळापूरचे, कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्याला. केळापूर हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गालगत, जगदंबेच्या देवळासाठी आणि नवरात्रातल्या यात्रेसाठी ओळखले जाते. तालुक्याचे मुख्य पीक कापूस. एका बाजूला टिपेश्वरचे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची हद्द. गोंड, कोलाम, परधान यांची वस्ती मोठी आणि त्यातल्या पुष्कळांचे पोट रोजमजुरीवर. यवतमाळविषयी बाहेरच्यांनी वाचलेले असते ते बहुतेक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे. तिथला मजूर काम संपल्यावर काय करतो, हे कोणी सहसा विचारत नाही. मोकळा वेळ ही नोकरदारांची गोष्ट आहे, मजुराला कसला आलाय छंद, असा एक समज त्यामागे असतो.

हा समज टिकणारा नाही, कारण महाराष्ट्रात सुटीची लढाई सुरू केली ती मजुरांनीच.

मुंबईच्या गिरण्यांत १८८० च्या दशकात दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुटी नसे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य करायला १० जून १८९० उजाडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या मोठ्या सभेत कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या, हे मुद्दाम सांगायला हवे. पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुटी आली.

मिळालेल्या वेळाचे गिरणगावाने काय केले, ते महाराष्ट्राला माहीत आहे. भजनी मंडळे, आखाडे, कबड्डीचे संघ, तमाशाचे फड, गणेशोत्सव, कामगार रंगभूमी. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने वाचनालये आणि रात्रीचे वर्ग चालवले. बारा-बारा तास यंत्रापुढे उभा राहणारा माणूस रात्री मृदंग वाजवायला बसे, तो दमला नसे म्हणून नव्हे.

दमलेल्या माणसाचा शीण अशा मोकळ्या वेळाने कसा जातो, याचा अभ्यास अलीकडे मानसशास्त्रज्ञ करू लागले आहेत. जर्मनीच्या झाबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाचा शीण घालवणारे चार अनुभव मांडले. कामाचा विचार डोक्यातून पूर्ण जाणे, शरीर-मन सैल पडणे, कामाबाहेरचे एखादे कौशल्य साधणे आणि हा वेळ कसा घालवायचा ते स्वतः ठरवता येणे. नेदरलँड्समधले पॅरास्केव्हास पेट्रू आणि आर्नोल्ड बेकर यांनी २०१६ मध्ये पुढचा मुद्दा घेतला. काही माणसे रिकामा वेळ नुसता जाऊ देत नाहीत, त्याला हेतुपूर्वक घडवतात. त्यात काही ध्येय ठेवतात, माणसे जोडतात, नवे शिकतात. ज्या कामात ताण फार आणि स्वतःच्या मर्जीला वाव थोडा, त्या कामात असा घडवलेला वेळ जास्त मोलाचा ठरतो का, हा त्यांच्या शोधाचा गाभा होता. असे अभ्यास मुख्यतः पगारी नोकरदारांवर होतात. पण चार अनुभवांतला शेवटचा, म्हणजे स्वतः ठरवण्याचा, मनात ठेवून केळापूरच्या बाजाराकडे पाहिले तर बरेच काही उलगडते.

बाजाराची सुटी कोणी दिलेली नाही. ती कुठल्या कायद्यात नाही, मालकाच्या मेहेरबानीत नाही. कारखान्यांच्या कायद्यातली साप्ताहिक सुटी जिनिंगच्या कामगाराला कागदावर तरी लागू होते, वावरातल्या बाईला नाही. ही सुटी मजुरांनी एकजुटीने, पिढ्यानपिढ्या पाळून रूढ केली आहे. त्या दिवशी एकटी बाई कामावर गेली तर तिला इतर बायाच हटकतील. मालकही कुरकुरतो, पण मोडत नाही, कारण त्यालाही बाजार करायचाच असतो.

बाजारात होते काय? मीठ-मिरची, तेल, सुकट, पोरांसाठी चिवडा आणि भजी, एखादी साडी फक्त बघून ठेवणे. पण खरेदी हे अर्धेच काम. माहेरची माणसे बाजारात भेटतात. पोरीच्या स्थळाची पहिली बोलणी बांगड्यांच्या दुकानापुढे होतात. दवाखाना, बँकेचे पासबुक, मोबाईलचा रिचार्ज, तहसीलमधला दाखला, सगळे त्याच फेरीत. वावरात आठवडाभर मातीकडे पाहणारी बाई त्या दिवशी धुतलेले लुगडे नेसून माणसांत येते. बाजाराचा दिवस थकवणारा असतो, तरीही तो विसावा असतो. असा विसावा शहरातल्या तज्ज्ञाला चटकन ओळखू येणार नाही. तो आरामखुर्ची शोधेल.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याने या फेऱ्यांना बळ मिळाले. माहूरच्या रेणुकेला, केळापूरच्या जगदंबेला जाऊन येणे आता मजूर बाईच्या हिशेबात बसू लागले. सरकारी योजनांच्या यादीत ही प्रवासाची सवलत म्हणून मोजली जाते. प्रत्यक्षात ती मोकळ्या वेळाची सवलत आहे.

मात्र स्त्रीचा मोकळा वेळ म्हटला की हिशेब लगेच अवघड होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. माणसाचे चोवीस तास कुठे जातात, याची घरोघरी नोंद घेणारी ही पाहणी. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तासही नाही. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात थोडे, त्यामुळे ही दीड तासाची सरासरीही त्या थोड्यांचीच. केळापूरची मजूर बाई भल्या पहाटे उठते, पाणी-सरपण-स्वयंपाक उरकते, शिदोरी बांधते, दिवसभर वावरात असते आणि परतल्यावर पुन्हा चुलीशी बसते. तिच्या दिवसात मोकळ्या तासाला जागाच नाही.

तरी ती वेळ काढते, कामाच्या आतूनच. कापूस वेचताना बाया ओळीने चालतात. ओळींतून गप्पा फिरतात, थट्टा चालते, सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाते. पहिल्या वेचणीला वावरात सीतादहीची पूजा होते. दही-भाताचा नैवेद्य दाखवून, चार बोंडे देवाला वाहून मग ओटी भरायला सुरुवात. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात, गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ रंगवतात. वेचणीचा हंगाम अंगावर येण्याआधीच्या या संध्याकाळी असतात. वेचणी किलोवर असल्याने गप्पा मारत हात चालवणाऱ्या बाईचा रोज बुडत नाही. रोजंदारीच्या निंदणात मात्र मुकादमाची नजर असते आणि गप्पांना लगाम बसतो. मजुरी कशी मोजतात यावर बाईला बोलता येईल की नाही, तेही ठरते.

बचतगटाची बैठक हा याच जातीचा नवा प्रकार. ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान किंवा माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, यांच्या गटांच्या कागदोपत्री त्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब होतो. तो होतोच. पण ‘मीटिंगला चालले’ म्हणून तासभर घराबाहेर बसण्याचा हक्काचा बहाणा बाईला मिळाला, हा फायदा कुठल्याच रजिस्टरात येत नाही. नवऱ्याला तो अडवताही येत नाही, कारण कर्ज त्यालाही हवे असते.

सालगड्याची गोष्ट निराळी. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो मालकाचा. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे एकेक खाडा मोजला जातो आणि सालाच्या शेवटी भरून द्यावा लागतो. अशा माणसाच्या हक्काचा दिवस म्हणजे पोळा. श्रावणी अमावस्येच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलांना दिले जाते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नसते आणि गड्याच्या हातात कासरा असला तरी काम नसते. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. यमक जुळवलेल्या या चार-सहा ओळींत मालकाचा कंजूसपणा, सावकाराचे व्याज, कापसाचा पडलेला भाव, पुढाऱ्याची आश्वासने, सगळे येते. एरवी ज्याच्यापुढे मान वर करायची सोय नसते, त्याच्यावर गावासमोर मोठ्याने टोला हाणायचा आणि मालकाने हसून घ्यायचे. नंतर गडी बैल घेऊन घरोघर जातो आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मिळवतो.

झडतीला वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासकांनी गोळा केले आहे. ती वर्षभराचा दाबलेला राग बाहेर काढण्याची वाटही आहे, आणि चांगली झडती बांधायला डोके लागते. ज्याला गावात सगळे नुसता गडी म्हणतात, तो त्या दिवशी गावातला नावाजलेला झडतीकार असतो. कौशल्य साधण्याचा जो अनुभव झोनेनटाग सांगतात, तो हाच. दुसऱ्या दिवशीची कर मात्र ठिकठिकाणी पत्त्यांच्या डावात जाते आणि बोजाऱ्याचे पैसेही त्याच वाटेने जातात. पोळ्याच्या जुगारावर पोलिसांच्या धाडी पडतात. त्या धाडींनी डाव मोडल्याचे कुठल्या गावाने पाहिलेले नाही.

पोडांवर, म्हणजे कोलामांच्या छोट्या वस्त्यांवर, वर्षाचा मध्य दिवाळी. पोडाच्या मधोमध चावडी असते आणि दंडारीची, म्हणजे ताफ्याने करायच्या नाचाची, तयारी तिथेच होते. गोंड गावांतही दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ताफे निघतात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले घुसाडी नाचतात. तिथल्याच कनक राजू या घुसाडी कलावंतांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका गावचा ताफा दुसऱ्या गावी जातो, तिथे मुक्काम करतो, यजमान गाव जेवू घालते आणि दोन्ही गावे मिळून रात्र जागवतात. नाच शिकावा लागतो, वाद्ये दुरुस्त करावी लागतात, कोणाकडे जायचे हे ठरवावे लागते. ही सगळी जुळवाजुळव महिनाभर आधीच सुरू होते.

आता वेळ पाहा. दिवाळीत पऱ्हाटी पांढरी झालेली असते. वेचणीला हात हवे असतात, मजुरीचा दर चढलेला असतो आणि नेमके त्याच दिवसांत पोडावरची माणसे नाचायला निघतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यवहारशून्यपणा वाटतो. आळशीपणाचा शिक्काही मारून होतो. पण रोजी सर्वांत जास्त मिळत असताना काही दिवस ती नाकारणे, यात माणूस आपल्या वेळाचा मालक असल्याचे जेवढे दिसते, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशात दिसते. पगारी रजा घेऊन महाबळेश्वरला जाणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. कोलामाची रजा तर बिनपगारी असते.

बिगर-आदिवासी गावांत हीच जागा बऱ्याच अंशी भजनाने घेतली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज उभारले, आणि श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा विदर्भाच्या खेड्याखेड्यांत गेल्या. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजिरीवरचे भजन आणि ग्रामसफाई असा तो कार्यक्रम. महाराज १९६८ मध्ये गेले, तरी मंडळे टिकली. त्यांना लागते फार थोडे. एक खंजिरी, एखादी पेटी, चटई आणि देवळाचा ओटा. दिवसभर फवारणी केलेला माणूस रात्री तिथे बसतो तेव्हा तो कोणाचा मजूर नसतो. तो मंडळाचा टाळकरी असतो आणि चुकला तर त्याला भजनाच्या चालीवरूनच बोलणी बसतात. अलीकडे महिलांची भजनी मंडळे वाढली. एकसारख्या साड्या नेसून स्पर्धेला दुसऱ्या गावी जाणे, बक्षिसाच्या पैशातून पेटी घेणे, यात त्या रमतात. देवाच्या कामाला निघालेल्या बाईला घरातून नाही म्हणणे कठीण असते, हेही त्यांनी नेमके हेरले आहे.

रात्र मात्र सगळ्यांची मोकळी नसते. रानडुकरे आणि रोही पीक झोपवतात, म्हणून हंगामात जागलीला जावे लागते. माळ्यावर बसून डबे वाजवत रात्र काढायची आणि सकाळी पुन्हा कामावर. ओलिताच्या पंपाला वीज रात्री मिळत असेल तर गहू-हरभऱ्याला पाणीही रात्रीच. त्यात वाघ. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका टी-१, म्हणजे ‘अवनी’ या वाघिणीवर ठेवला गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. तिला मारणे योग्य होते का, यावर शहरांत भरपूर वाद झाला. गावांनी त्या दोन वर्षांत काय गमावले, यावर थोडे बोलले गेले. माणसे एकट्याने वावरात जाईनात, दिवस कलण्याआधी घरी परतू लागली आणि संध्याकाळी एका वस्तीवरून दुसरीवर बसायला जाणे थांबले. भीतीने रोजी कमी केली आणि रिकामा वेळ वाढवला. त्या वेळाचा कोणाला काही उपयोग नव्हता.

रिकामा वेळ आणि मोकळा वेळ यांतले हे अंतर दर उन्हाळ्यात दिसते. कापसाची उलंगवाडी झाली की वावरातली कामे सरतात. मोहफुले वेचणे आणि मे महिन्यातला तेंदूपानाचा थोडा हंगाम सोडला, तर पाऊस पडेपर्यंत फारसे काम नाही. लग्ने, बारशी, पाहुणचार याच दिवसांत होतात हे खरे. पण खिशात पैसे नसलेल्या पुरुषाला लग्नाचा मांडवही जड वाटतो.

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावाचा अनुभव इथे आठवण्याजोगा आहे. तिथली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी तिथे पाहणी केली आणि १९३३ मध्ये पुस्तक काढले. लोकांकडे आता वेळच वेळ होता, वाचनालय फुकट होते, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. अभ्यासकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत चालत, वाटेत थांबत. बाया भराभर चालत, कारण घरकाम बेकार झालेले नव्हते. केळापूरच्या कुठल्याही गावात एप्रिलच्या दुपारी पारावर बसलेले पुरुष आणि गुंडावर गुंड ठेवून पाण्याला निघालेल्या बाया पाहिल्या, की ऑस्ट्रियातले ते गाव फार दूर वाटत नाही. हाताला काम आणि कामाचा दाम असेल तरच सुटीला चव येते. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, तो दुष्काळातल्या पोटासाठी. नीट राबवला असता तर उन्हाळ्यातल्या मनालाही त्याने आधार दिला असता.

त्या पोकळीत दारू शिरते. एका बाजूला वर्धा आणि पलीकडे गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, मधे यवतमाळात दुकाने उघडी. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळात ‘स्वामिनी’ अभियानातून हजारो बायांनी जिल्हा दारूमुक्त करा म्हणून मोर्चे काढले. नवऱ्याचा मोकळा वेळ आपल्या मारहाणीत संपतो, हे त्या सांगत होत्या. सरकारने महसुलाचा हिशेब केला. मोबाईलची गोष्ट इतकी काळी नाही. रील्स पाहण्यात जाणारी रात्र शीण घालवत नाही, हे पोरांनाही कळते, पण त्याच मोबाईलवर कोलाम पोरे आपल्या दंडारीचे व्हिडिओ टाकतात आणि पलीकडच्या गावांची पावले शिकतात.

हे सारे सांगताना एक सावधगिरी बाळगायला हवी. भजनाने कर्ज फिटत नाही आणि नाचाने कापसाला भाव येत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. त्या माणसांना छंदाची नव्हे, हातमोजे, मुखपट्टी आणि वेळेवर उपचारांची गरज होती. शेतकरी-शेतमजुरांच्या मनाच्या आजाराकडे शासनाचे लक्ष उशिरा गेले. २०१५ च्या सुमारास ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन खचलेली माणसे ओळखावीत आणि त्यांना समुपदेशनापर्यंत न्यावे अशी त्याची आखणी. १४४१६ ही टेली-मानसची फुकट मदतवाहिनी २०२२ पासून आहे. ज्याला झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही, त्याला मंडळात बसायला सांगून भागत नाही. पण मंडळात बसणारा माणूस चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. एकट्या पडलेल्याकडे कोणी जात नाही.

मजुरांनी स्वतः एवढे केले, समाजाने काय केले? मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा १९५३ चा. त्यातून कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. त्याची केंद्रे, वाचनालये, शिवणवर्ग, क्रीडा आणि नाट्यस्पर्धा आजही चालतात. त्या रंगमंचावरून मराठीला चांगले नट मिळाले. पण हे सगळे कारखाने आणि आस्थापनांतल्या कामगारांसाठी. शेतमजुराचा त्यात वाटा नाही. केरळने १९७४ मध्ये शेतमजुरांसाठी वेगळा कायदा केला, दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले आणि भविष्य निर्वाह निधीची तरतूद केली. राष्ट्रसंघाच्या काळात, १९२४ मध्येच, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामगारांच्या रिकाम्या वेळाच्या सोयींविषयी शिफारस मंजूर केली होती. त्याला शंभर वर्षे होऊन गेली.

पांढरकवड्याच्या बाजारात बायांना बसायला सावलीची जागा, स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी आणि लेकराला तासभर ठेवता येईल अशी खोली, एवढे केले तरी आठवड्याची सुटी खऱ्या अर्थाने सुटी होईल. पोडावरच्या चावडीला पक्के छप्पर आणि दिवा, भजनी मंडळाच्या ओट्याला वीज आणि उन्हाळ्यात गावातच काम, या मागण्या फार महागड्या नाहीत. बाजाराचा कर नगर परिषद आणि ग्रामपंचायती दर आठवड्याला वसूल करतात. त्यातला काही भाग बाजाराला येणाऱ्या मजूर बायांसाठी राखून ठेवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय बायांनीच मांडावा आणि ठरावाच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नये.